उतारी कुणाची? रविवारच्या पुरवणीत ब्रिजला एक कोपरा द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपला पेपर आमच्याकडे माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासून येतो आणि रविवारची पुरवणी मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचते. त्यात शब्दकोडं असतं, सुडोकू असतं, बुद्धिबळाचं एक कोडं असतं, राशिभविष्य तर असतंच, पण पत्त्यांच्या ब्रिजचा एवढासा चौकोनसुद्धा मी कधी बघितला नाही. बुद्धिबळाला जागा आहे याचा मला आनंदच आहे, ती काढून घ्या असं अजिबात म्हणत नाही. पण पुण्यात इतकी माणसं ब्रिज खेळतात, जिमखान्यात खेळतात, सोसायटीच्या हॉलमध्ये खेळतात, लॉकडाऊननंतर तर आमच्या वयाच्या बायकासुद्धा ब्रिज बेस ऑनलाइन या साइटवर रात्री साडेदहापर्यंत बसलेल्या असतात, आणि त्यांना मराठीत वाचायला काय आहे तर जवळजवळ काहीच नाही. म्हणून हे पत्र.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पत्ते म्हटलं की लोकांच्या डोक्यात लगेच जुगार येतो. २०१८ च्या जकार्ता एशियन गेम्समध्ये प्रणव बर्धन आणि शिबनाथ सरकार या जोडीने भारताला ब्रिजमध्ये गोल्ड मिळवून दिलं, तेव्हा बर्धन साठ वर्षांचे होते. त्याच स्पर्धेत पुरुषांच्या टीमला आणि मिक्स्ड टीमला ब्राँझ, आणि पुढे २०२३ मध्ये हांगझोला पुरुषांच्या टीमला सिल्व्हर. आणि डुप्लिकेट ब्रिजमध्ये तर नशिबाला जागाच फार कमी ठेवलेली असते, तीच पानं बोर्डात घालून सगळ्या टेबलांवर फिरतात, आपल्याला भारी पानं आली तर दुसऱ्या टेबलवर आपल्या जागी बसलेल्या माणसालाही तीच आलेली असतात, आणि त्या पानांचं त्याने काय केलं आणि आपण काय केलं एवढ्यावरच मार्क. यात जुगार कुठे आला?

आता नुसतं सदर सुरू करा म्हटलं तर आपण म्हणाल त्यात लिहायचं काय. म्हणून एक विषय इथेच मांडून दाखवते. मी आणि माझी धाकटी जाऊ गेली अकरा वर्षं पार्टनर आहोत, शनिवारी दुपारी आमच्या सोसायटीत सात-आठ जणांना शिकवतो पण, आणि शिकणाऱ्यांचंच काय, वीस-वीस वर्षं खेळणाऱ्यांचंसुद्धा एका जागी हमखास घोडं अडतं. विरुद्ध बाजूच्याने एक नो ट्रम्प बोललं, म्हणजे हुकमाशिवाय तेरातले सात हात करीन म्हणाला, आणि आपल्या हातात तगडी पानं आहेत. मग करायचं काय?

बहुतेकांची रीत अशी की पॉइंट मोजायचे. एक्का चार, राजा तीन, राणी दोन, गुलाम एक, झाले सतरा, मारा डबल, म्हणजे तुम्ही बुडणार असं सांगून मार्क वाढवायचे. त्यांच्याकडे पंधरा ते सतरा आहेत, माझ्याकडेही सतरा आहेत, मग मी का घाबरू. हे ऐकायला बरोबर वाटतं पण हिशेब पुढे न्या ना जरा. अख्ख्या कॅटमध्ये चाळीस पॉइंट. बोलणाऱ्याकडे सोळा धरा, तुमच्याकडे सतरा, राहिले सात, ते डमी (बोलणाऱ्याचा पार्टनर, ज्याची पानं उघडी मांडतात) आणि तुमचा पार्टनर यांच्यात वाटलेले. म्हणजे सरासरी पार्टनरकडे साडेतीन, एखादा राजा, कधी तोही नाही. ही लढाई जवळजवळ तुम्ही एकटीने लढायची आहे आणि पार्टनरच्या हातात उतारी कधी जाईल याची खात्री नाही, प्रत्येक वेळी तुम्हालाच पान टाकायचं आहे.

लहानपणी मेंढीकोट खेळताना पानं वाटून झाली की सगळ्यात पहिला प्रश्न काय असायचा? उतारी कुणाची! आजोबा चष्मा कपाळावर सरकवून विचारायचे, आम्ही भावंडं ओरडून सांगायचो. माझं म्हणणं एवढंच आहे की नो ट्रम्पच्या डोक्यावर तगडी पानं घेऊन बसल्यावर पॉइंट नंतर मोजा, आधी हाच प्रश्न विचारा, उतारी कुणाची आणि मी काय उतरणार.

उदाहरण देते, खरं आमच्या टेबलवरचं. उजवीकडच्याने एक नो ट्रम्प बोललं, पंधरा ते सतरावालं, कोणीच व्हल्नरेबल (बुडलं तर जास्त दंड बसणारं) नाही. माझ्याकडे इस्पिक राजा, राणी, गुलाम, दश्शी, छक्की. बदाम एक्का, सत्ती. चौकट एक्का, अठ्ठी, तिर्री. किलवर राणी, गुलाम, चौकी. सतरा पॉइंट. मी डबल दिला आणि सगळे पास. उजवीकडचा डिक्लेअरर (बोललेला डाव खेळणारा), म्हणजे उतारी त्याच्या डावीकडची, माझी, इस्पिकचा राजा टाकला. त्याच्याकडे इस्पिकचा एक्का आहे, तो आत्ता घेऊ दे की नंतर घेऊ दे, तो गेला की माझे इस्पिकचे चार हात उभे, आणि ते चालवायला परत आत यायचं तर बदाम आणि चौकटचे एक्के बसलेलेच आहेत. चार आणि दोन सहा. एक नो ट्रम्प बुडवायला आपल्याला सात हात लागतात, म्हणजे पार्टनरकडून एकच मागायचा होता, आणि जाऊबाईंकडे किलवरचा राजा निघाला, त्यामुळे किलवरचेही दोन झाले. आठ हात, दोन डाऊन, म्हणजे त्याला दोन हात कमी पडले, तीनशे. ज्यांनी तीच पानं घेऊन दोन इस्पिक बोललं त्यांना एकशे दहा किंवा एकशे चाळीस मिळाले, आणि जे नुसते पास बसले त्यांना दोन डाऊनचे शंभर.

आता दुसरी पानं बघा. ही काही वर्षांपूर्वीची आहेत पण मला अजून तोंडपाठ आहेत. इस्पिक एक्का, गुलाम, छक्की. बदाम राजा, गुलाम, पंजी, तिर्री. चौकट राजा, राणी, चौकी. किलवर राणी, गुलाम, सत्ती. हेही सतराच. मी डबल दिला. उतारी माझीच. पण काय उतरू? बदाम उतरले तर डिक्लेअररकडे एक्का-राणी, फुकटचा हात. इस्पिक उतरले तर त्याच्याकडे राजा-राणी. चौकट उतरावं तर एक्का आणि गुलाम त्याचेच. पार्टनरकडे एकही चित्र नव्हतं, डमीत किलवरचा एक्का-राजा आणि पाच पानांचा रंग. मी जेव्हा जेव्हा हात जिंकायचे तेव्हा तेव्हा परत मलाच काहीतरी उतरून द्यायला लागायचं. त्याने आठ हात केले. डबल केलेलं एक नो ट्रम्प आणि वर एक, दोनशे ऐंशी त्यांना, आणि बाकीच्या टेबलांवर एकशे वीस. घरी येताना कर्वे रोडच्या सिग्नलला थांबलो तेव्हा जाऊ म्हणाली, ताई, पॉइंट तर तेवढेच होते ना. तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं की पॉइंट तेवढेच असतात पण हात तेवढे नसतात. अशा चपट्या पानांना, ज्यात सगळे राजे-गुलाम अर्धवट बसलेत आणि एकाही रंगात सलग चित्रं नाहीत, तिथे पास हीच चांगली बोली आहे आणि हे शिकवायला सगळ्यात अवघड जातं. सतरा पॉइंट घेऊन पासचं हिरवं कार्ड काढायला लोकांचा हात उचलत नाही.

तिसरी गोष्ट खुर्चीची. एक नो ट्रम्प तुमच्या डावीकडच्याने बोललं, तुमच्या पार्टनरने पास, डमीवाल्याने पास, आणि चौथ्या जागेवर तुम्ही आहात त्याच इस्पिक राजा-राणी-गुलाम-दश्शीवर. बसल्या जागी तेच सतरा पॉइंट, तेच सहा हात. पण आता उतारी पार्टनरची! त्याला काय माहीत तुमचे इस्पिक, तो त्याच्या पाच बारीक बदामांतली चौथी उतरतो, डिक्लेअररला एक चाल फुकट मिळते आणि तुमचे इस्पिक उभे राहीपर्यंत त्याचे सात झालेले असतात. शिवाय या जागेवर डिक्लेअरर तुमच्यानंतर खेळतो, म्हणजे तुमचा राजा त्याच्या एक्का-राणीच्या तावडीत. उजवीकडचा डिक्लेअरर असताना हेच उलटं असतं, तुमचा राजा त्याच्या एक्का-राणीच्या मागे बसलेला असतो. म्हणून मी चौथ्या जागेवर या पानांना सरळ दोन इस्पिक बोलते. एवढा फरक एका खुर्चीने पडतो आणि तो पॉइंट मोजून कधीच कळत नाही.

याच्याच पुढची एक युक्ती, जी शिकलेल्यांनाही माहीत नसते. समोरच्यांनी एक नो ट्रम्प, तीन नो ट्रम्प असं झटक्यात उरकलं आणि चौथ्या जागेवरून तुम्ही डबल दिला, तर तो मी भारी आहे हे सांगायला नसतो, तो उतारीसाठी असतो. पार्टनर, तुझा नेहमीचा रंग उतरू नकोस, माझा शोध. बऱ्याच जोड्यांचा करार असा असतो की इस्पिक-बदामांतला जो रंग तुझ्याकडे कमी तो टाक. तसंच कोणी स्टेमनचं (पार्टनरला चार इस्पिक किंवा बदाम आहेत का विचारणारं) दोन किलवर बोललं आणि तुमच्याकडे पाच-सहा दणकट किलवर असतील तर तिथे डबल द्या, पार्टनरला उतारी कळते आणि धोका फारसा नाही.

आता डबलनंतर पार्टनरने काय करायचं यावर आमच्या शनिवारच्या क्लासात दर वेळी वाद होतो. साधं आहे हो. पार्टनरकडे एक राजा, एखादी राणी, पानं चपटी, तर गप्प बसायचं. घाबरून बोलायचं नाही. पण हात रिकामा आणि पाच-सहा पानांचा एक रंग, तर तो बोलून निघून जायचं कारण तिथे आपले काही हात हुकमाने होतील, नो ट्रम्पमध्ये ते पान कधी चालायचंच नाही. आणि डबल झाल्यावर समोरचे पळतात, दोन चौकट, दोन बदाम, कुठेही, तेव्हा आपला पुढचा डबल कशाचा, शिक्षेचा की पार्टनर तू बोल असा, हे टेबलवर बसायच्या आधी ठरलेलं पाहिजे. रिक्षात बसून ठरवा, चहा पिताना ठरवा, पण ठरवा.

व्हल्नरेबल कोण ते तर बघायलाच हवं. १९२५ मध्ये हॅरॉल्ड व्हँडरबिल्टने बोटीच्या प्रवासात हे स्कोअरिंग बसवलं तेव्हापासून ब्रिजमधला निम्मा विचार त्यावर चालतो. व्हल्नरेबल नसताना डबलचं एक डाऊन शंभर, दोन डाऊन तीनशे, तीन डाऊन पाचशे. व्हल्नरेबल असेल तर दोनशे, पाचशे, आठशे. आपण दोन इस्पिक केले तर एकशे दहा, वर एक तर एकशे चाळीस, आणखी एक तर एकशे सत्तर. म्हणजे समोरचे व्हल्नरेबल असताना डबलचं नुसतं एक डाऊन आपल्या या सगळ्या पार्टस्कोअरच्या, म्हणजे असल्या छोट्या कमाईच्या, वर जातं. एकदा मला इस्पिक एक्का, राजा, राणी, गुलाम, सत्ती, चौकी, बदाम राजा, राणी, छक्की, चौकटची एकटी तिर्री आणि किलवर एक्का, सत्ती, पंजी अशी पानं आली होती, उजवीकडून एक नो ट्रम्प, तेही व्हल्नरेबल. लोक इथे चार इस्पिक बोलायला धावतात. पण उतारी माझी आहे, इस्पिकचे सहा आणि किलवरचा एक्का असे सात हात मी हातात घेऊनच बसले आहे, दोनशे तर कुठे जात नाहीत, बदामचा एखादा झाला तर पाचशे. आणि चार इस्पिकला दहा हात लागतात, चार ते सहा पॉइंट उरलेल्या दोघांत विखुरलेले असताना ते कुठून आणणार? ते पळाले तर इस्पिक बोलायला मी मोकळीच आहे, आणि आधी डबल देऊन मग बोलले म्हणजे पार्टनरलाही कळतं की ही साधी ओव्हरकॉलची (समोरच्यांच्या बोलीवर आपला रंग बोलायची) पानं नाहीत.

कन्व्हेन्शनबद्दल, म्हणजे आधी ठरवलेल्या खास अर्थाच्या बोलींबद्दल, माझं मत सगळ्यांना पटणार नाही हे माहीत आहे. दोन किलवर म्हणजे इस्पिक आणि बदाम दोन्ही, ही अल्विन लँडी यांची साधी पद्धत, त्यात डबल हा शिक्षेचाच राहतो, आणि मला ती प्यारी आहे. कॅपेलेटी, जिला कोणी हॅमिल्टन म्हणतं, तीही ठीक, त्यात दोन किलवर म्हणजे एकच लांब रंग, दोन चौकट म्हणजे इस्पिक-बदाम, दोन बदाम किंवा दोन इस्पिक म्हणजे तो रंग आणि खाली किलवर नाहीतर चौकट, आणि डबल शिक्षेचा. मार्टी बर्गन यांच्या डोंट नावाच्या पद्धतीत मात्र डबल म्हणजे एक लांब रंग, पार्टनर दोन किलवर बोलतो आणि आपण आपला रंग सांगतो. हलक्या पानांनी समोरच्यांच्या बोलीत खोडा घालायला डोंट छान आहे, पण मग वरच्या सतरा पॉइंटांचं करायचं काय? शिक्षेचा डबल तुम्ही विकून टाकलेला असतो. पंधरा ते सतराच्या स्ट्राँग नो ट्रम्पविरुद्ध ते एकवेळ चालतं कारण अशी पानं रोज येत नाहीत. पण ज्या जोड्या बारा ते चौदाचं वीक नो ट्रम्प खेळतात त्यांच्याविरुद्ध डोंट खेळणं मला पटत नाही. त्यांच्याकडे तेरा, आपल्याकडे सोळा, राहिले अकरा, पार्टनरकडे पाच-सहा सहज असतात आणि गेम, म्हणजे मोठ्या बोनसचा डाव, कदाचित आपला असतो. तिथे डबल म्हणजे मला पंधरा आणि वर आहेत, हे सांगता आलंच पाहिजे, मग उतारी जरा बेताची असली तरी चालेल कारण या वेळी पार्टनर मदतीला आहे. वीक नो ट्रम्पवर त्यांनी लगेच स्टेमन किंवा ट्रान्सफर (पार्टनरला आपला रंग बोलायला लावणारी बोली) केला तर तिथलाही डबल आम्ही पंधरा-वरचाच ठेवलाय.

एक गोष्ट मात्र मनाला फार लागते आणि ती सदरात यायलाच हवी. गेल्या पावसाळ्यात एका स्पर्धेत, नाव घेत नाही, मी एक नो ट्रम्प बोलले. माझ्या डावीकडचे गृहस्थ पानं बघत बसले, कार्डांच्या डब्याकडे हात नेला, मागे घेतला, छताकडे बघितलं, चांगलं अर्धं मिनिट गेलं आणि मग पास. जाऊचा पास. आणि त्यांच्या पार्टनरने नऊ पॉइंट आणि पाच भिकार बदाम घेऊन दोन बदाम बोलले, नऊ हात झाले. आता त्या गृहस्थांनी एवढा विचार करून पास दिला म्हणजे त्यांच्याकडे पंधरा-सोळा आहेत हे टेबलवरच्या चौघांनाही कळलं होतं. डुप्लिकेटच्या २०१७ च्या नियमांत सोळावा नियम याचसाठी आहे, पार्टनरच्या थांबण्यातून जे कळलं त्याचा फायदा घेऊन बोली निवडायची नाही. मी डायरेक्टरना, म्हणजे स्पर्धेच्या पंचांना, बोलावलं तर त्या गृहस्थांना अपमान वाटला, म्हणाले, आम्ही काय चोर आहोत का मॅडम. चोर कोणी म्हणत नाहीये हो! विचार करायला बंदी नाहीये, पण विचार करून पास दिला की पार्टनरचे हात बांधले जातात हे त्यांना कोणी कधी सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी निकाल आमच्या बाजूने लागला, पण ते दोघं त्यानंतर आमच्याशी धड बोलत नाहीत आणि मला त्याचं वाईट वाटतं. हे नियम मराठीत रविवारी चहाबरोबर वाचायला मिळाले असते तर तो प्रसंग आला नसता असं मला मनापासून वाटतं. आणि यावर उपायही तोच आहे, नो ट्रम्पवर काय करायचं हे घरून ठरवून आलात तर टेबलवर अर्धं मिनिट लागतच नाही.

तर माझी विनंती अशी. आठवड्याला एक डाव, सुडोकूएवढीच जागा, त्याखाली दीडशे-दोनशे शब्द. भाषा आपली घरातलीच, इस्पिक, बदाम, चौकट, किलवर, एक्का, दश्शी, हात, हुकूम, उतारी, जी प्रत्येक मराठी घरात पत्ते पिसताना ऐकू येते. डबल, पास, डमी, पार्टनर हे शब्दही आता आपलेच झालेत. नवशिक्यांसाठी एक रविवार आणि मुरलेल्यांसाठी एक रविवार असं आलटून पालटून करता येईल. डाव पुरवायला मी आणि जाऊ तयार आहोत, त्याचं मानधन नको, आमच्या वह्यांत अकरा वर्षांचे लिहून ठेवलेले आहेत. पुण्यात आमच्यापेक्षा कितीतरी चांगले खेळाडू आहेत, ते लिहायला तयार झाले तर फारच उत्तम, आम्ही वाचू.

छापताना दोन गोष्टींची फक्त काळजी घ्यावी. काळ्या शाईत बदाम आणि चौकटचा लाल रंग कळत नाही, तर चिन्हाबरोबर अक्षरही द्यावं, ब आणि चौ. आणि आकृतीत चार दिशांना पानं मांडली की कोण व्हल्नरेबल ते कोपऱ्यात लिहावं, आणि पहिली उतारी कुणाची तिथे एक छोटा बाण काढावा.

आपली नम्र,
एक वाचक
सदाशिव पेठ, पुणे